प्रायश्चित्तकाळ

प्रायश्चित्तकाळ (अन्य नावे: उपवासकाळ, लेंट) हा ख्रिस्ती उपासनावर्षातील एक प्रमुख काळ आहे. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाची, म्हणजे ईस्टरची, पूर्वतयारी म्हणून तो पाळला जातो. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या लॅटिन परंपरेत त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे मानली जातात. हा काळ बाह्यतः संयमाचा असला, तरी कॅथलिक शिकवणुकीनुसार त्याचा गाभा हृदयपालट हा आहे. देवाकडे वळलेले मन शेजाऱ्याशी, गरजवंताशी आणि आपल्या ऋणकऱ्याशी कसे वागते, यावरून त्या पालटाची पारख होते. महाराष्ट्रात वसई, मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद, नागपूर आणि अमरावती या धर्मप्रांतांत प्रायश्चित्तकाळ पाळला जातो. यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो.

नाव आणि अर्थ

लॅटिन भाषेत या काळाला ‘क्वाद्राजेसिमा’ म्हणजे ‘चाळिसावा’ असे नाव आहे. पोर्तुगीजमधील ‘क्वारेस्मा’ हा शब्द त्यावरूनच आला. इंग्रजीतील ‘लेंट’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘वसंत ऋतू’ असा होता. उत्तर गोलार्धात हा काळ दिवस मोठा होऊ लागण्याच्या सुमारास येतो.

मराठीत ‘प्रायश्चित्तकाळ’ आणि ‘उपवासकाळ’ ही दोन्ही नावे प्रचलित आहेत. दोन्ही शब्द भारतीय धर्मपरंपरेतून आलेले असून ख्रिस्ती वापरात त्यांच्या अर्थाला थोडे वेगळे वळण मिळाले आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त म्हणजे घडलेल्या दोषाच्या निवारणासाठी सांगितलेले विहित कर्म. ख्रिस्ती शिकवणुकीत पापक्षमा ही देवाची देणगी मानली जाते. ती कर्माने विकत घेता येत नाही; प्रायश्चित्त हा त्या देणगीला माणसाने दिलेला प्रतिसाद होय. शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’ असा आहे व त्याचा अर्थ मन बदलणे, विचारांची दिशा पालटणे असा होतो. ‘उपवास’ या शब्दाची ‘जवळ राहणे’ ही व्युत्पत्ती मराठी ख्रिस्ती प्रवचनांत आवर्जून सांगितली जाते, कारण अन्नत्यागापेक्षा देवाचे सान्निध्य महत्त्वाचे, हे तिच्यातून सहज सुचवता येते.

कालगणना

ईस्टरचा सण २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी येतो. ही पौर्णिमा ख्रिस्तसभेच्या ठरावीक गणितानुसार धरली जाते. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत फिरतो आणि त्याच्या ४६ दिवस आधी येणारा राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांदरम्यान पडतो. रविवार हा पुनरुत्थानाच्या आनंदाचा दिवस असल्याने उपवासाच्या गणनेत धरला जात नाही. ४६ दिवसांतून ६ रविवार वजा केले की ४० दिवस उरतात. उपासनेच्या दृष्टीने मात्र हा काळ पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सापूर्वीच संपतो.

अलीकडच्या काही वर्षांतील तारखा पुढीलप्रमाणे आहेत.

२०२४: राखेचा बुधवार १४ फेब्रुवारी, ईस्टर ३१ मार्च
२०२५: राखेचा बुधवार ५ मार्च, ईस्टर २० एप्रिल
२०२६: राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी, ईस्टर ५ एप्रिल
२०२७: राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, ईस्टर २८ मार्च

येशूच्या शिकवणुकीतील आधार

अरण्यातील ४० दिवस

बाप्तिस्म्यानंतर येशूने अरण्यात ४० दिवस उपवास केला व तेथे सैतानाने त्याची परीक्षा घेतली, असा वृत्तान्त मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येतो. मार्कचा वृत्तान्त अगदी संक्षिप्त आहे. मत्तय व लूक यांनी तीन मोह सांगितले आहेत: धोंड्यांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी घेऊन देवाची परीक्षा पाहणे आणि जगातील राज्यांच्या मोबदल्यात सैतानाला नमन करणे. येशू तिन्ही मोह नाकारतो. भुकेल्या अवस्थेतही तो स्वतःसाठी भाकरी निर्माण करीत नाही. मत्तयच्याच शुभवर्तमानात पुढे, १४ व्या अध्यायात, तो पाच भाकरी व दोन मासे यांवर हजारोंच्या समुदायाला जेवू घालतो. स्वतःची भूक सोसणे आणि दुसऱ्याची भूक भागवणे हे उपवासाचे दोन्ही पैलू या दोन प्रसंगांत एकत्र दिसतात.

‘जुन्या करारा’तही ४० हा अंक तयारीचा व कसोटीचा सूचक आहे. मोशे सिनाय पर्वतावर ४० दिवस राहिला, एलिया संदेष्टा ४० दिवस चालत होरेब पर्वतापर्यंत गेला आणि इस्राएल लोकांनी ४० वर्षे अरण्यात काढली.

प्रार्थना, उपवास व दान

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या अध्यायांतील शिकवण ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणून ओळखली जाते. त्यातील ६ व्या अध्यायात येशू दान, प्रार्थना व उपवास या तिन्ही धर्माचरणांविषयी बोलतो आणि प्रत्येक वेळी एकच सावधगिरी सुचवतो: ते लोकांनी पाहावे म्हणून करू नये. दान देताना गाजावाजा नसावा, प्रार्थना दार लावून करावी आणि उपवास करणाऱ्याने चेहरा म्लान न ठेवता तो धुऊन, डोक्याला तेल लावून वावरावे, असा या उताऱ्याचा आशय आहे. हाच उतारा राखेच्या बुधवारी वाचला जातो. ज्या दिवशी कपाळावरील राख सर्वांना दिसते, त्याच दिवशी दिखाऊ धार्मिकतेविरुद्धचा हा इशारा कानी पडतो.

येशूने उपवास नाकारला नाही, पण त्याचे मोजमाप बदलले. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीतून मराठी लोकव्यवहाराने उपवासातील ज्या विसंगतीवर बोट ठेवले, तिच्याशी या शिकवणुकीचे नाते जुळते. परूशी व जकातदार यांच्या दाखल्यात (लूक १८) आठवड्यातून दोनदा उपवास करणारा आणि तो देवाला ऐकवणारा मनुष्य नीतिमान ठरत नाही. दूर उभा राहून दयेची याचना करणारा जकातदार नीतिमान ठरून घरी जातो.

ऋण आणि क्षमा

याच ६ व्या अध्यायात येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना येते. तिच्यातील क्षमेच्या याचनेसाठी मत्तयने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ ‘ऋण’ असा आहे. लूकने तेथे ‘पाप’ हा शब्द योजला आहे. देवाकडे मागितलेली सूट माणसाने दुसऱ्याला दिलेल्या सुटीशी जोडलेली आहे, हे या प्रार्थनेचे वैशिष्ट्य होय.

क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला (मत्तय १८) हाच विचार आकड्यांत मांडतो. धन्याने ज्याचे १०,००० तालांतांचे कर्ज माफ केले, तो चाकर बाहेर पडताच १०० दिनारांच्या येण्यापायी सोबतीच्या चाकराला तुरुंगात टाकतो. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती आणि एका तालांताचे सुमारे ६,००० दिनार होत. म्हणजे माफ झालेली रक्कम आणि वसुलीसाठी धरलेली रक्कम यांचे प्रमाण सहा लाखास एक असे पडते. तरीही १०० दिनार ही रक्कम किरकोळ नव्हती. ती मजुराची तीन महिन्यांहून अधिक काळाची कमाई होती. दुसऱ्याचे देणे सोडणे सोपे आहे, असे हा दाखला सांगत नाही. स्वतःला किती सोडले गेले आहे, याचे भान तो जागवतो. प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातील मंगळवारी हा दाखला वाचला जातो.

उपासनेतील शास्त्रवाचने

द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाचनसंग्रहात रविवारच्या वाचनांचे ‘अ’, ‘ब’ व ‘क’ असे तीन वर्षांचे चक्र आहे. तिन्ही वर्षांत पहिल्या रविवारी अरण्यातील मोहांचा आणि दुसऱ्या रविवारी डोंगरावरील रूपांतराचा प्रसंग वाचला जातो. त्यानंतरचे रविवार पुढीलप्रमाणे आहेत.

‘अ’ वर्ष: विहिरीवरील शोमरोनी स्त्री, जन्मांधाला दृष्टिलाभ, लाजराला जीवनदान. ही तिन्ही वाचने योहानकृत शुभवर्तमानातील असून बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी प्राचीन काळापासून महत्त्वाची मानली गेली आहेत.

‘ब’ वर्ष: मंदिराचे शुद्धीकरण, निकदेमाशी संवाद, मातीत पडून मरणारा व पुष्कळ पीक देणारा गव्हाचा दाणा.

‘क’ वर्ष: फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाला मिळालेली आणखी एका वर्षाची मुदत, उधळ्या पुत्राचा दाखला, व्यभिचाराच्या आरोपाखाली आणलेली स्त्री.

आठवड्याच्या अन्य दिवसांच्या वाचनांतही विचारांची एक साखळी आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ५८ वा अध्याय वाचतात. उपवासाच्या दिवशी मजुरांना राबवून घेणाऱ्यांची तो कानउघाडणी करतो आणि अन्यायाची बंधने सोडणे, भुकेल्याला अन्न व निराश्रिताला आसरा देणे यालाच खरा उपवास म्हणतो. पहिल्या आठवड्यातील सोमवारी मत्तयच्या २५ व्या अध्यायातील अंतिम न्यायाचे चित्र येते. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी व बंदिवान यांच्यासाठी केलेले ते माझ्यासाठीच केले, असे येशू तेथे सांगतो. दुसऱ्या आठवड्यातील गुरुवारी श्रीमंत मनुष्य व त्याच्या दाराशी पडलेला लाजर यांचा दाखला वाचला जातो. (हा लाजर येशूने जीवनदान दिलेल्या लाजराहून वेगळा आहे.) त्या श्रीमंताने लाजराला छळल्याचा उल्लेख दाखल्यात नाही, दाराशी असलेल्या माणसाकडे त्याने लक्ष दिले नाही, एवढाच त्याचा दोष दिसतो.

विधी आणि उपवासाचे नियम

राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर वा मस्तकावर राख लावतात. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करण्याची प्रथा आहे. धर्मगुरू राख लावताना माणसाच्या मर्त्यतेची आठवण देतात किंवा पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याचे आवाहन करतात. या काळात धर्मगुरूंची उपासनावस्त्रे जांभळ्या रंगाची असतात, ‘आलेलुया’ हा जयघोष थांबतो आणि वेदीची फुलांची सजावट टाळली जाते. चौथ्या रविवारी गुलाबी वस्त्रांची मुभा असते. प्रायश्चित्त संस्कार घेण्यावर, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापनिवेदन करण्यावर, या काळात विशेष भर असतो. शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही भक्ती केली जाते. येशूच्या मरणदंडापासून त्याला कबरेत ठेवण्यापर्यंतच्या १४ स्थानांवर थांबून चिंतन करणे, असे तिचे स्वरूप आहे. तिच्या प्रसारात फ्रान्सिस्कन संघाचा मोठा वाटा आहे.

पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी काढलेल्या आदेशाने उपवासाचे जुने कडक नियम शिथिल झाले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार हे दोन दिवस उपवास व मांसवर्जनाचे आहेत. उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत, तर मांसवर्जनाचा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू असतो. आजारी व्यक्ती, गर्भवती व स्तनदा माता आणि अतिकष्टाची कामे करणारे यांना सवलत मिळते.

मराठी व्यवहारातील उपवासापेक्षा हा उपवास वेगळा आहे. साबुदाणा, भगर यांसारखे ठरावीक फराळाचे पदार्थ त्यात नसतात. दिवसातून एकदा पोटभर जेवण आणि अन्य दोन वेळा अल्पाहार, असे त्याचे स्वरूप आहे. म्हणजे येथे पदार्थापेक्षा प्रमाणाला महत्त्व आहे. वाचलेले अन्न वा पैसा गरजूंपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा असते. जर्मनीतील कॅथलिक बिशपांनी १९५८ मध्ये स्थापन केलेली ‘मिझेरिओर’ ही संस्था प्रायश्चित्तकाळातील अशाच संकलनातून उभी राहिली. भारतात ‘कारितास इंडिया’ ही संस्था या काळात निधिसंकलनाची देशव्यापी मोहीम चालवते.

पवित्र आठवडा

झावळ्यांच्या रविवारी येशूच्या यरुशलेम प्रवेशाचे स्मरण करून पवित्र आठवड्याला आरंभ होतो. पवित्र गुरुवारी शेवटच्या भोजनाचे स्मरण होते आणि येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून धर्मगुरू उपासकांचे पाय धुतात. शुभ शुक्रवारी मिस्सा होत नाही. दुःखसहनाच्या वृत्तान्ताचे वाचन, वैश्विक प्रार्थना व क्रुसाचे वंदन होते. शनिवारी रात्री नव्या अग्नीपासून पास्काची मेणबत्ती पेटवली जाते आणि पुनरुत्थानाचा जागर होतो.

इतिहास

ईस्टरपूर्वी उपवास करण्याची चाल दुसऱ्या शतकापासून आढळते. तिचा अवधी मात्र ठिकाणपरत्वे वेगळा होता. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेच्या पाचव्या नियमात ‘चाळीस दिवसां’चा उल्लेख येतो. प्राचीन ख्रिस्तसभेत दीक्षार्थींची अखेरची तयारी आणि गंभीर पाप जाहीरपणे मान्य केलेल्यांचे पुनर्मीलन, असे दोन प्रवाह या काळात एकत्र आले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात या दोन्ही अंगांना पुन्हा उजाळा दिला. प्रायश्चित्त केवळ आंतरिक व वैयक्तिक न राहता बाह्य व सामाजिकही असावे, असे त्या दस्तऐवजाच्या ११० व्या परिच्छेदात म्हटले आहे. याच दस्तऐवजामुळे उपासनेत लोकभाषांना वाव मिळाला आणि मराठी मिस्साचा मार्ग मोकळा झाला.

मराठी परंपरा

येशूचे जीवन व शिकवण मराठीत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न गोव्यात झाला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात येशूचा जन्म, शिकवण, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांचे कथन आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पूर्वीच्या पुराणश्रवणाची उणीव भासू नये, हा त्यामागील एक हेतू होता. पुढे एतियेन द ला क्रुआ यांनी संत पेत्राच्या जीवनावर ओवीबद्ध रचना केली. १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमारँश यांचे येशूच्या दुःखसहनावरील मराठी पुराण प्रसिद्ध झाले. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषांवर निर्बंध आणल्यानंतर गोव्यात ही परंपरा क्षीण झाली.

गोव्यात राखेच्या बुधवारपूर्वीचे चार दिवस कार्निव्हलचे असतात. प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. वसई परिसरात उपासना मराठीतून होते. तेथील ‘सुवार्ता’ मासिकाने आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ या ग्रंथाने येशूची शिकवण व्यापक मराठी वाचकांपर्यंत नेली. या ग्रंथाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

विदर्भ व यवतमाळ जिल्हा

विदर्भातील लॅटिन परंपरेचे कॅथलिक पूर्वी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात होते. १९५५ मध्ये त्यातून अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे जिल्हे त्यात येतात. यवतमाळच्या ईशान्येकडील व पूर्वेकडील वर्धा नदीपलीकडे वर्धा व चंद्रपूर जिल्ह्यांत सिरो-मलबार परंपरेचा चांदा धर्मप्रांतही कार्यरत आहे. त्या परंपरेत राख बुधवारी नव्हे, तर त्याआधीच्या सोमवारी लावली जाते व या काळाला ‘पन्नास दिवसांचा उपवास’ म्हणतात. त्यामुळे नदीच्या दोन काठांवर एकाच ख्रिस्तसभेचे दोन पंचांगक्रम आढळतात.

यवतमाळ जिल्ह्यात हा काळ फाल्गुन-चैत्रात, पळस फुलल्यापासून उन्हाळा तापेपर्यंत येतो. कापूस व तुरीचा हंगाम आटोपून वर्षाचा हिशेब आणि कर्जाची परतफेड समोर उभी राहण्याचे हे दिवस असतात. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. त्यात समाविष्ट असलेल्या सहा जिल्ह्यांपैकी पाच अमरावती धर्मप्रांतातील होते; सहावा जिल्हा वर्धा होय. ऋण, भूक आणि क्षमा यांविषयीच्या वाचनांना या भागात रूपकापलीकडचा, रोजच्या जगण्यातला अर्थ प्राप्त होतो.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्येची ही पहिली जाहीर घटना मानली जाते. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या पुढाकाराने दरवर्षी १९ मार्चला एक दिवसाचा अन्नत्याग केला जातो. या अन्नत्यागाला कोणत्याही धर्माचे अधिष्ठान नाही व ख्रिस्ती पंचांगाशीही त्याचा संबंध नाही. मात्र ईस्टरच्या वर दिलेल्या गणितानुसार १९ मार्च हा दिवस दरवर्षी प्रायश्चित्तकाळातच येतो. संत योसेफ या कष्टकरी सुताराचा सणही त्याच तारखेला असतो. दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव ठेवून स्वतःचे अन्न सोडणे, हा या अन्नत्यागाचा आणि यशयाने सांगितलेल्या उपवासाचा समान धागा आहे.

अन्य ख्रिस्ती पंथ

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांत ‘महाउपवास’ सोमवारी सुरू होतो. त्यात मांसाबरोबर दुग्धजन्य पदार्थही वर्ज्य असतात. प्रोटेस्टंट सुधारकांनी सक्तीच्या उपवासाला विरोध केला. १५२२ मध्ये झुरिक येथे उपवासाच्या दिवसांत सॉसेज खाल्ल्याच्या प्रसंगातून यावर वाद पेटला आणि उल्रिख झ्विंग्ली यांनी खाणाऱ्यांची बाजू घेतली. अँग्लिकन व ल्युथरन मंडळ्यांत, तसेच भारतातील चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये हा काळ पाळला जातो.

यवतमाळ येथे फ्री मेथडिस्ट मिशनचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आले आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्था १९५३ मध्ये याच शहरात स्थापन झाली व १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झाली. त्यामुळे यवतमाळच्या ख्रिस्ती इतिहासात कॅथलिक व प्रोटेस्टंट असे दोन्ही प्रवाह आहेत. पवित्र आठवड्याचे स्मरण दोन्ही प्रवाहांत होते. उपवासाचे बंधनकारक नियम मात्र कॅथलिक प्रवाहातच आढळतात.

हेही पाहा

ईस्टर
शुभ शुक्रवार
डोंगरावरील प्रवचन
ख्रिस्तपुराण
यवतमाळ जिल्हा